सासर सुंदानी खेड्यात, पैसे माझे: भातशेती घ्यावी का?

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तसा आधी मांडतो. तुम्ही भारतीय नागरिक, मूळच्या नाशिकच्या. नवरा सुंदानी, इंडोनेशियाच्या पश्चिम जावातल्या गारूत जिल्ह्यातल्या डोंगराळ खेड्यातला. नोकरीमुळे दोघं पुर्वाकार्तात राहता. सासऱ्यांच्या शेजारच्या शेतकऱ्याला पैशाची नड आहे आणि तो 100 तुंबाक (जवळपास 14 गुंठे) भातखाचर ‘गदे’, म्हणजे गहाण, ठेवायला, जमलं तर पुढे विकायलाही तयार आहे. पैसे तुमच्या बचतीतले. कागद म्हणून एक जुना गिरिक, म्हणजे जमीन कराच्या नोंदीचा कागद, दाखवला गेला. तुम्ही विचारलंय की माझं नाव लागेल का, पैसे बुडतील का, आणि जाता जाता, सासरचं घर नणंदेलाच मिळणार असं सगळे गृहीत का धरतात.

मी वकील नाही. गारूत-तासिकमलाया भागात सेंद्रिय भात आणि कॉफीच्या प्रमाणीकरणासाठी शेतकरी गटांच्या नोंदी तपासणं हे माझं काम. प्रत्येक तुकड्याचा नकाशा काढायचा आणि त्यापुढे मालक कोण, कसतो कोण, पाणी कुठून येतं ते लिहायचं. एकाच खाचरापुढे तीन वेगळी नावं येणं ही तिथली रोजची गोष्ट आहे, आणि तिघंही खरं बोलत असतात. त्यामुळे कायद्याचं सांगेन ते ढोबळ. सही करण्याआधी नोटरीकडे जाऊन पक्कं करून घ्या.

आपल्याकडे सातबाऱ्यावर नाव आहे की नाही, तिथून विचार सुरू होतो. सुंदानी गावात हक्क सुटे सुटे असतात. जमीन एकाची, त्यावर उभं घर दुसऱ्याचं, बांधावरचा फणस तिसऱ्याचा, असं असू शकतं, आणि रूढीला ते मान्य आहे. जुनी लाकडी-बांबूची घरं खांबांवर उभी असायची, जमिनीला चिकटलेलीच नव्हती. ती उचलून हलवता यायची, जमीन न विकता विकता यायची. त्यामुळे ‘हे खाचर कोणाचं’ या प्रश्नाला मिळालेलं उत्तर बहुतेकदा कसणाऱ्याचं नाव असतं. तुम्हाला काय मिळणार हे समजायला मालकी, पीक आणि पाणी यांची चौकशी वेगवेगळी करावी लागते.

नावाचं उत्तर सरळ आहे: तुमचं नाव लागणार नाही. 1960 च्या मूलभूत भूमी कायद्याच्या कलम 21 प्रमाणे ‘हाक मिलिक’, म्हणजे पूर्ण मालकी, फक्त इंडोनेशियन नागरिकाला मिळते. कोणी सुचवेल की जमीन दिराच्या नावावर घ्या आणि आपसात वेगळा करार करून ठेवा. तसं करू नका. परदेशी माणसाकडे आडमार्गाने मालकी नेणारा व्यवहार कलम 26 प्रमाणे मुळातच रद्दबातल ठरतो, जमीन सरकारजमा होऊ शकते आणि दिलेले पैसे परत मागता येत नाहीत.

मग नवऱ्याच्या नावावर? इथे अडचण वेगळी आहे. 1974 च्या विवाह कायद्यानुसार लग्नानंतर मिळवलेली मालमत्ता दोघांची सामाईक धरली जाते. म्हणजे त्याच्या नावावरच्या जमिनीत अर्धी तुमची, आणि तुम्ही परदेशी. म्हणून खरेदीखत करणारा अधिकारी (तिकडे त्याला पेपेआते म्हणतात) मिश्र विवाहातल्या जोडप्याकडे मालमत्ता वेगळी ठेवण्याचा विवाह करार मागतो. पूर्वी हा करार लग्नाआधीच करावा लागे. घटना न्यायालयाने 2016 मध्ये दिलेल्या निकालानंतर तो लग्न झाल्यावरही करता येतो. तुमच्याकडे नसेल तर आधी तो. खाचराचं नंतर बघू. एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या. करार झाला की ती जमीन संपूर्णपणे नवऱ्याची, तुमचे पैसे असले तरी. ते पैसे कर्ज म्हणून नोंदवायचे की भेट, हे त्याच बैठकीत नोटरीपुढे ठरवा. नंतर विषय काढणं जड जातं. उद्या वारसाहक्काने जमीन तुमच्याकडे आलीच, तर एका वर्षात ती नागरिक असलेल्या कोणाच्या तरी नावावर करावी लागते. वारसा कोणत्या नियमाने चालेल हे तुमच्या धर्मावर आणि विवाहाच्या नोंदणीवर अवलंबून आहे. तुम्ही ते लिहिलेलं नाही, म्हणून त्यात शिरत नाही.

आणखी एक खोच पुर्वाकार्तात राहिल्याने येते. 1961 च्या जमीन वाटप नियमांनुसार शेतजमिनीच्या मालकाने ती जमीन आहे त्याच तालुक्यात, म्हणजे कचामातानमध्ये, किंवा लगतच्या तालुक्यात राहणं अपेक्षित आहे. सरकारी नोकरांना वगैरे सवलती आहेत. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेताना अडवतात, तिथे गावाबाहेर राहणाऱ्याला. हा नियम रोजच्या व्यवहारात ढिला आहे. जकार्ता-बांडुंगच्या लोकांनी डोंगरात घेतलेल्या जमिनी मी सतत पाहतो. पण खरेदीखत करताना तो अचानक आठवतो. नवऱ्याच्या केटीपीवर, म्हणजे ओळखपत्रावर, पत्ता गावचा आहे की पुर्वाकार्ताचा?

आता त्या गिरिकबद्दल. प्रियांगानात, म्हणजे गारूतच्या आसपासच्या डोंगरी भागात, त्याला किकितिरही म्हणतात. तो मालकीचा दाखला नाही. जमीन कर कोण भरायचं याची ती जुनी नोंद आहे. मूळ नोंद गावच्या कार्यालयात ‘लेटर सी’ नावाच्या वहीत असते, त्यात कोहीर आणि पर्सिल असे दोन क्रमांक असतात. हल्लीची वार्षिक कर पावतीही तेवढंच सांगते. 2021 च्या सरकारी नियमाने अशा जुन्या कागदांवरच्या जमिनींची नोंदणी 5 वर्षांत, म्हणजे फेब्रुवारी 2026 पर्यंत, करायला सांगितली. त्यानंतर गिरिक हा पुरावा म्हणून चालत नाही, फक्त नोंदणीच्या वेळी इतिहास शोधायला उपयोगी पडतो. यामुळे शेतकऱ्याची जमीन जात नाही, पण विकत घेणाऱ्यावर जबाबदारी वाढते. 2017 पासून गावंच्या गावं एकदम मोजून प्रमाणपत्रं देण्याची सरकारी मोहीम सुरू आहे. तिच्यात जावा आणि बालीत गावाने घ्यायचा खर्च जास्तीत जास्त 1,50,000 रुपिया ठरवलेला आहे. त्या गावात ही मोहीम येऊन गेली का, आणि येऊन गेली असेल तर याच खाचराचं प्रमाणपत्र का निघालं नाही, हे विचारा. उत्तर साधं असू शकतं: आजोबांच्या नावावर आहे, सात वारस आहेत, दोघं सुमात्रात आहेत. तसं असेल तर विकणारा एकटा विकूच शकत नाही.

लेटर सीच्या वहीत आणखी दोन गोष्टी बघून घ्या. एक, ती जमीन ‘चारिक’ तर नाही ना. ही गावाच्या मालकीची जमीन असते, सरपंच-कारकुनांना पगाराऐवजी कसायला दिलेली; कसणारा तिच्याबद्दल ‘आमची’ असंच बोलतो. दुसरी, जंगल खात्याची किंवा जुन्या मळ्याची ‘गारापान’ जमीन. तिचा कसण्याचा ताबा हातोहात विकला जातो, पावतीही देतात, पण त्यातून मालकी काही मिळत नाही.

आता गदेकडे वळतो, कारण तुमच्यापुढे खरा प्रस्ताव तोच आहे.

गदे म्हणजे ताबेगहाण. तुम्ही रक्कम देता, जमीन कसायचा हक्क तुमच्याकडे येतो, मूळ रक्कम परत मिळेपर्यंत पीक तुमचं. व्याज वेगळं नाही; पीक हेच व्याज. रक्कम कित्येकदा सोन्याच्या ग्रॅमात ठरते, म्हणजे रुपियाचा भाव घसरला तरी देणाऱ्याचं नुकसान होत नाही. आणि बहुतेक वेळा मूळ मालकच तीच जमीन अर्धेलीने कसत राहतो. काल स्वतःच्या खाचराचं सगळं भात घरी नेणारा माणूस आज त्याच खाचरातलं अर्धं तुमच्या सासऱ्यांच्या ओसरीवर आणून टाकतो. गावात याची कोणाला लाज वाटत नाही, फार जुनी रीत आहे. काही उस्ताद, म्हणजे गावातले धर्मशिक्षक, मात्र याला व्याजच मानतात आणि तसं स्पष्ट सांगतात. तुमच्या सासऱ्यांचं त्यांच्याशी काय नातं आहे, तेही बघा.

कायदा या बाबतीत गहाण ठेवणाऱ्याच्या बाजूने आहे. 1960 च्याच जमीन मर्यादा कायद्याचं कलम 7 म्हणतं, गदे 7 वर्षं किंवा जास्त चालला असेल तर उभं पीक निघाल्यावर महिन्याभरात जमीन परत करायची, एक पैसाही न घेता. 7 वर्षांत पैसे देणाऱ्याने पिकातून मुद्दल वसूल केलं, असं कायदा धरतो. त्याआधी सोडवायची झाली तर साडेसातमधून झालेली वर्षं वजा करायची, 7 ने भागायचं आणि येईल त्याने मूळ रकमेला गुणायचं. समजा 3 वर्षांनी सोडवली, तर साडेचार भागिले सात, म्हणजे रकमेच्या साधारण 64 टक्के परत. खेड्यात हे गणित जवळपास कोणी करत नाही, सगळे पूर्ण मुद्दल परत करतात. पण भांडण तालुक्याला किंवा न्यायालयात गेलं की हेच गणित निघतं. म्हणून माझं मत असं: गदे करायचाच तर मुदत थोडी ठेवा, दोन-तीन वर्षं. तोंडी काही नको. नवऱ्याच्या नावाने, 10,000 रुपियाची मेतराई, म्हणजे मुद्रांक तिकीट, लावून, गावच्या प्रमुखापुढे आणि चारही बांधांच्या शेजाऱ्यांच्या सह्यांनिशी लिहून घ्या. मालकाच्या बायकोची सही हवीच. तिच्या माहेरची जमीन तिच्या नवऱ्याने परस्पर गहाण टाकलेली मी पाहिली आहे, आणि अशा वेळी गाव नेहमी तिच्या बाजूने उभं राहतं. योग्यच आहे ते.

‘पुढे विकायलाही तयार’ हे वाक्य मला खटकतं. गदेतून विक्रीकडे जाण्याची वाट अशी असते: मालक सोडवू शकत नाही, वर थोडी थोडी रक्कम मागतो, शेवटी गदेची रक्कम बाजारभावाच्या जवळ जाते आणि जमीन सुटते. कागदावर सगळं रीतसर दिसतं. पण तो शेजारी तुमच्या सासऱ्यांच्या रोजच्या जगण्यातला आहे. लग्नात, मयतीत, मशिदीत समोरासमोर भेटणारा. विकायचंच असेल तर सुरुवातीपासून विक्री म्हणून आणि बाजारभावाने बोला.

खाचरातून मिळेल काय? तुंबाक म्हणजे सुमारे 14 चौरस मीटर. साधारण सात तुंबाकांचा आपला एक गुंठा. म्हणजे 100 तुंबाक म्हणजे जवळपास 14 गुंठे. हेक्टरी साडेपाच टन भात धरलं तर एका हंगामाला साधारण 770 किलो. कापणी करणाऱ्यांचा वाटा (बावोन) सहावा हिस्सा धरा, उरले 640. त्यातलं अर्धं कसणाऱ्याचं, तुमच्याकडे 320. भरडल्यावर 200 किलो तांदूळ. वर्षाला दोन पिकं म्हणजे 400 किलो, त्यातून खताचा वाटा जायचा, आणि जकात, म्हणजे इस्लामी धर्मदान, लागू असेल तर तीही. पाणी देऊन घेतलेल्या पिकावर ती 5 टक्के असते. चार माणसांच्या घराला वर्षभर पुरेल एवढा तांदूळ, बस. जावात अर्ध्या हेक्टरपेक्षा कमी जमीन असलेल्याला ‘गुरेम’ शेतकरी म्हणतात, आणि तुमचा शेजारी बहुधा त्यातलाच असणार. इंडोनेशियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष सुकार्नो यांनी ज्याच्या नावाने आपली विचारसरणी मांडली तो मार्हाएन बांडुंगच्या दक्षिणेचाच सुंदानी शेतकरी होता. त्यांनी सांगितलेल्या हकिगतीत त्याची जमीन स्वतःची, नांगर-कुदळ स्वतःची, झोपडीही स्वतःची, आणि तरी घर जेमतेम चालणारं. शंभर वर्षांनंतरही 14 गुंठ्यांचं गणित फारसं बदललेलं नाही. गुंतवणूक म्हणून याच्याकडे बघत असाल तर मुदत ठेव बरी.

आणि खाचराबरोबर माणसंही येतात. पश्चिम जावाच्या काही भागांत ‘चेब्लोकान’ची रीत आहे: लावणी आणि निंदणी फुकट करून देणाऱ्या बायकांचा त्या खाचराच्या कापणीवर हक्क असतो, आणि कापलेल्यातला पाचवा-सहावा वाटा त्या नेतात. मालक बदलला म्हणून हा हक्क संपत नाही असंच सगळे धरतात. मजुरी देऊन बाहेरची टोळी आणलीत तर चार पैसे वाचतील, पण ज्यांना काढलंत त्या सासूबाईंच्या मावस-चुलत बहिणी निघतील. त्या खाचरात आज लावणी कोण करतं, हे सासूबाईंना विचारा. सासऱ्यांना कदाचित नीट सांगता येणार नाही. भाताचा व्यवहार बाईच्या हातात असतो. जुन्या घरांत धान्याच्या खोलीत, ‘गोआह’मध्ये, पुरुष पाऊलही टाकत नसत.

पाण्याचंही तसंच. डोंगरउतारावर पाणी वरच्या खाचरातून खालच्यात उतरतं. वरचा मालक कोण, मध्ये कोणाचा ‘बालोंग’ (माशांचं तळं) आहे, उन्हाळ्यात पाळी कशी लागते, हे विचारा. पाळी ठरवणारा एक माणूस असतो, त्याला उलू-उलू म्हणतात. त्याला हंगामाच्या शेवटी भात द्यायचं असतं. माझ्या नोंदींमध्ये वाद निघतात ते बांधावरून कमी आणि पाण्यावरून जास्त. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये एकदा स्वतः जाऊन खाचर पाहा. पावसाळ्यात प्रत्येक खाचर सुंदरच दिसतं.

इथवरचं थोडक्यात: नाव नवऱ्याचंच लागेल आणि तेही विवाह करारानंतर; गिरिकवर भिस्त ठेवू नका; गदे केलात तर लेखी आणि कमी मुदतीचा.

राहिली नणंद. सुंदानी कुटुंबात आईकडचं आणि बापाकडचं नातं सारख्याच वजनाचं. लग्नानंतर जोडपं पुष्कळदा बायकोच्या आईवडिलांकडे राहतं, मुली जवळ राहतात, आणि म्हातारपणी सांभाळणाऱ्या मुलीकडे, बऱ्याचदा धाकटीकडे, घर जातं. तुमच्या नणंदेबद्दल गाव धरून चाललंय ते याच रिवाजाने. तिच्याविरुद्ध कोणी कट केलेला नाही आणि तिनेही तुमच्याविरुद्ध केलेला नाही. इस्लामी वारसा नियमात मुलाला मुलीच्या दुप्पट हिस्सा आहे, आणि 1991 च्या इस्लामी कायदा संहितेतही तेच आहे. पण त्याच संहितेचं कलम 183 सांगतं की आपापला हिस्सा कळल्यानंतर वारस आपसात राजीखुशीने वेगळी वाटणी करू शकतात. प्रत्यक्षात शेत बहुतेकदा सारखं वाटलं जातं, घर सांभाळणारीला, आणि त्यातलं बरंचसं आईबाप हयात असतानाच ‘हिबाह’, म्हणजे बक्षीस, म्हणून देऊन टाकतात. तुमच्या सासरी यातलं काय चालतं हे मी इथून सांगू शकत नाही. एकच धागा देतो: घर आणि जमीन मुळात कोणाकडून आली ते शोधा. दोघांनी लग्नानंतर मिळून कमावलेलं ‘गुना काया’, ते अर्धं-अर्धं. पण सासूबाई सधन घरच्या आणि सासरे रिकाम्या हाताने त्यांच्या घरी आलेले असतील, तर घर सासूबाईंचंच. अशा लग्नाला तिकडे ‘बायकोच्या अंबाड्याआड आसरा घेणं’ म्हणतात. हा प्रश्न नवऱ्याने विचारायचा, तुम्ही नाही. तोही थेट वडिलांना नको. मोठ्या काकांना, म्हणजे उवांना. वडीलधारे बोलायला बसतात तेव्हा सुनेने चहा देऊन बाजूला बसून ऐकलं तर सगळं कळतं. हे ऐकून तुम्हाला राग येईल, पण परदेशी सुनेने तोंड उघडलं की सगळे हसून विषय बदलतात.

मी तुमच्या जागी असतो तर क्रम असा ठेवला असता. नवऱ्याने एकट्याने गावच्या कार्यालयात जाऊन लेटर सीची नोंद बघायची. तोवर शेजाऱ्याची नड खरी असेल तर सासऱ्यांच्या हातून थोडी रक्कम उसनी द्यायची, जमिनीचा संबंध न ठेवता. ती बुडाली तरी फार बिघडणार नाही एवढीच. विवाह करार त्याच काळात करून घ्यायचा. मग एक वर्षाचा भाडेपट्टा घेऊन बघायचा. ‘सेवा’ म्हणतात त्याला, ठरलेली रक्कम आगाऊ देऊन एका वर्षासाठी जमीन कसायला घ्यायची. दोन पिकांत पाणी, कसणारा, लावणीच्या बायका आणि सासरे यांच्याबद्दल जे कळेल ते कुठल्याही कागदातून कळणार नाही. त्यानंतरही घ्यावीशी वाटली तर घ्या, प्रमाणपत्र निघाल्यावर.

केटीपीवरचा पत्ता, विवाह करार आहे की नाही, आणि कागदावर विकणाऱ्याचं नाव आहे की त्याच्या वडिलांचं, एवढं कळवा. गिरिकचा फोटो इथे टाकू नका, त्यावर दुसऱ्याचं नाव-गाव असतं. कोहीर आणि पर्सिल क्रमांक मात्र नवऱ्याला लिहून घ्यायला सांगा. त्या दोन आकड्यांशिवाय कार्यालयातला कारकून वही उघडणार नाही.